चार ट्रॅकांवरचा वाद्यवृंद

एकाच मनुष्याने एकाच खोलीत बसून एकामागून एक वाद्ये वाजवावी आणि ऐकणाऱ्यास मात्र ती सर्व एकाच क्षणी, परस्परांना साथ देत वाजत आहेत असा प्रत्यय यावा, ही किमया आज घरच्या संगणकावर इतकी सुलभ झाली आहे की, तिच्या वाटेत भौतिकशास्त्राने कोणत्या अडचणी उभ्या केल्या होत्या याची चौकशी करण्याचे कोणास प्रयोजन उरलेले नाही. ती चौकशी अगत्याची आहे. कारण ध्वनिमिश्रणाची खरी समज त्या अडचणींतूनच उपजली.

अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांना 1949 साली गायक बिंग क्रॉस्बी यांनी अँपेक्स कंपनीचे टेपयंत्र भेट दिले. अशा यंत्रात फीत प्रथम पुसणाऱ्या हेडवरून, मग ध्वनी उमटवणाऱ्या व अखेर तो वाचणाऱ्या हेडवरून सरकते. पॉल यांनी एक जादा वाचक हेड पुसणाऱ्या हेडच्याही अलीकडे बसवले. त्यामुळे जुने वादन पुसले जाण्यापूर्वी वाचले जाई, चालू वादनात मिसळे आणि दोन्ही मिळून त्याच फितीवर नव्याने उमटत. पत्नी मेरी फोर्ड यांच्यासह त्यांनी केलेले व 1951 साली गाजलेले ‘हाउ हाय द मून’ याच रीतीने घरी सिद्ध झाले. मात्र शेवटच्या थरात एक सूर चुकला तर आधीची सारी मेहनत बुडे, आणि प्रत्येक फेरीत जुने थर अधिक मलिन होत. म्हणून गौण वाद्ये आधी व मुख्य सुरावट अखेरीस, असा क्रम त्यांनी ठरवला होता.

यावर उतारा म्हणजे एकाच फितीवर शेजारी-शेजारी स्वतंत्र ट्रॅक. पण वाचक हेड उमटवणाऱ्या हेडच्या पुढे असते. ते अंतर दीड इंच आणि फितीचा वेग सेकंदाला 15 इंच धरला, तर वादकाच्या कानी पडणारी साथ सेकंदाच्या दहाव्या भागाने मागे पडते, आणि लयीचा विध्वंस व्हायला एवढा विलंब पुरेसा आहे. हेड म्हणजे लोहगाभ्याभोवतीचे वेटोळे. त्यात प्रवाह सोडला की चुंबकत्व उपजते, आणि समोरून चुंबकित फीत सरकली की त्यात प्रवाह उपजतो. मग उमटवणाऱ्या हेडकडूनच जुने ट्रॅक वाचवून घेतले तर अंतराचा प्रश्नच मिटतो! ‘सेल-सिंक’ नावाच्या या तजविजीचे आठ ट्रॅकांचे यंत्र 1957 साली पॉल यांच्या घरी पोहोचले.

सामान्य हौशी कलावंताच्या आवाक्यात ही सोय आली ती 1979 साली, टिॲक कंपनीच्या ‘पोर्टास्टुडिओ’ 144 मुळे. साध्या कॅसेटच्या दोन बाजूंचे मिळून जे चार ट्रॅक असतात, ते या यंत्राने एकाच दिशेने वापरले आणि वेग दुप्पट करून सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर केला; साहजिकच साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पाव तास मावे. पाचवे वाद्य हवे असेल, तर पहिले तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवायचे व रिकामे झालेले तीन पुन्हा वापरायचे. येथे फितीचा जमाखर्च कठोर होता: चारही ट्रॅकांची स्वाभाविक सूं-सूं सारखी धरली व मिसळताना पातळी तीच ठेवली, तर तिन्हींची आणि चौथ्याची स्वतःची मिळून तिची शक्ती चौपट होते, म्हणजे 6 डेसिबलने वाढते. शिवाय एकदा झालेले मिश्रण कायम. त्यातला ढोल मागाहून वेगळा काढून हलका करण्याची मुभा नाही.

कोणते वाद्य किती मोठे ठेवायचे या निर्णयात कानाची रचना ध्यानी घ्यावी लागे. आंतरकर्णातील पटलावर प्रत्येक कंप्रतेचा निराळा इलाखा आहे. निकटच्या कंप्रतांची दोन वाद्ये एकाच इलाख्यावर हक्क सांगू लागली की प्रबळ वाद्य क्षीणाला झाकून टाकते, आणि खर्जाचा मोठा आवाज वरच्या स्वरांना जितका झाकतो तितके ते त्याला झाकत नाहीत. म्हणून जाणता मिश्रक बुडालेल्या वाद्याचा आवाज वाढवीत सुटत नाही. तो गिटारमधील अनावश्यक खर्ज काढून बास गिटारला जागा करून देतो. वजा करण्याची ही कला मला वाद्यवादनाहून कमी दर्जाची वाटत नाही.

आज अंकीय प्रतीत काहीच झिजत नाही आणि ट्रॅकांना जवळपास मर्यादा नाही. परंतु त्यामुळे प्रत्येक निर्णय उद्यावर ढकलण्याची सवय जडते. शिकणाऱ्याने निदान एक रचना चार ट्रॅकांत पुरी करून पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी 1982 च्या जानेवारीत न्यू जर्सीतील आपल्या शयनगृहात, अशाच पोर्टास्टुडिओवर, दोन मायक्रोफोनांनी काही गाणी टिपली ती केवळ साथीदारांना नमुना म्हणून. पुढे संपूर्ण वाद्यवृंदासह केलेली ध्वनिमुद्रणे त्यांच्या पसंतीस उतरली नाहीत, आणि त्याच वर्षी ‘नेब्रास्का’ ही ध्वनिमुद्रिका त्या मूळ कॅसेटवरूनच प्रकाशित झाली.