लाइफ कोच व्हायचे म्हणजे काय?

आमच्या घरात अकरावीचा फॉर्म भरणारा मीच पहिला. शाखा कोणती घ्यावी हे विचारावे असे कुणी नव्हते. ज्या खिडकीपुढे रांग कमी, तिथे फॉर्म दिला! म्हणूनच तरुणांचा 'लाइफ कोच' या स्वतंत्र व्यवसायाविषयी मला कुतूहल वाटते.

टिमथी गॉलवे या टेनिस-प्रशिक्षकाने १९७४ साली 'द इनर गेम ऑफ टेनिस' लिहून खेळाडूच्या मनातील अडथळ्यांकडे लक्ष वेधले. पुढे ही दृष्टी मैदानाबाहेर आली. कोच प्रश्न विचारतो. उत्तर समोरच्याने शोधायचे. (आमच्याकडे प्रश्न ऐकण्याआधीच सल्ला तयार असतो.)

आपल्याकडे याला सरकारी परवाना लागत नाही. उद्या मीही पाटी लावू शकेन, आणि भीती वाटते ती याचीच. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ सालची संस्था पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रासाठीसुद्धा किमान ६० तासांचे शिक्षण व १०० तासांचा अनुभव मागते. शिवाय एखादा मुलगा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागला, तर ते कोचचे काम नव्हे; त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडेच न्यावे.

यात पगार नाही. आधी ओळखी, मग फी. आणि गरज ज्यांना अधिक, त्यांच्याच खिशात फी नसते. हा हिशेब मला अजून सुटलेला नाही. तूर्त गावातल्या दहावीच्या मुलांबरोबर फॉर्म भरायला बसतो.