मतमोजणीच्या आधी आणि नंतर : डिचोली-पेडण्याच्या पालिका निवडणुका

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात ४ मे २०२३ रोजी नगर परिषदेसाठी मतदान झालं. दुसऱ्याच दिवशी, ५ मे रोजी, डिचोली तालुक्यातल्या साखळीत आणि फोंड्यात पालिकेसाठी मतदान झालं. तारखा लागून आल्या हा योगायोग. पण दोन्हीकडचे निकाल शेजारी ठेवले की गोव्याच्या पालिका निवडणुकीबद्दल एक गोष्ट लख्ख दिसते आणि या लेखाचा विषय तीच आहे.

लेस्टरच्या परिषदेत ५४ जागा. २०१९ साली त्यांपैकी ५३ मजूर पक्षाकडे होत्या. २०२३ मध्ये त्या ३१ वर आल्या. हुजूर पक्षाला १७, तर लिबरल डेमोक्रॅट आणि ग्रीन यांना प्रत्येकी ३ मिळाल्या. निवडणुकीच्या तोंडावर मजूर पक्षाने आपल्याच बऱ्याच विद्यमान नगरसेवकांची उमेदवारी कापली होती आणि त्यांत आशियाई वंशाचे अनेकजण होते. शहरात त्याचा राग होता. तो राग निकालाच्या तक्त्यात आकड्यांनी उमटला. शहराचा महापौर तिथे २०११ पासून थेट मतदारच निवडतात, त्यामुळे परिषदेत कुणाचं किती बळ आणि महापौर कोण, हे दोन्ही प्रश्न मतपेट्या उघडल्या की संपतात.

साखळीची मतमोजणी ७ मे रोजी झाली. प्रभाग क्रमांक, उमेदवाराचं नाव, मुक्त चिन्ह, मिळालेली मतं. अधिकृत निकालपत्रावर एवढंच. पक्षाचं नाव कुठेच नाही, कारण गोव्यात पालिकेची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. भाजपसमर्थित गटाने साखळी जिंकली हे आपल्याला कळलं ते वर्तमानपत्रांतून आणि विजयी मिरवणुकांतून. मुख्यमंत्री प्रमोद सावंत याच मतदारसंघाचे आमदार, तेव्हा तो निकाल कुणाला अनपेक्षित वाटला नाही. पण ‘समर्थित’ हा शब्द कायद्याच्या कागदावर नाही. जिथे पक्षच नाही तिथे पक्षांतर कसं सिद्ध करायचं? महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या सदस्यांना लागू होणारा अपात्रतेचा कायदा १९८६ चा आहे, कारण तिथे नगरसेवक पक्षाच्या चिन्हावर निवडून येतो. आपल्याकडे नगरसेवक निवडून येतो तो त्याच्या एकट्याच्या नावावर. उद्या तो कुठेही जाऊन बसला तरी मतदाराच्या हातात दाखवायला काही नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं की, डिचोली किंवा पेडण्यात पालिकेचा निकाल मतमोजणीच्या दिवशी लागत नाही. त्याचा एक भाग आधीच, प्रभागांच्या सीमा आणि आरक्षण ठरतं तेव्हा लागतो. उरलेला भाग नंतर लागतो, नगराध्यक्षाची निवड होते आणि पुन्हा पुन्हा होते तेव्हा. मधल्या दिवशी आपण गुलाल उधळतो.

हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले. अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे आले, म्हणजे तिसवाडी-साष्टीपेक्षा जवळजवळ अडीचशे वर्षं उशिरा. देवळं जागेवर राहिली, मराठी शाळा राहिली, नाटक राहिलं. मुक्तीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगोप) सिंहाला इथे भरभरून मतं पडली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात सगळ्या गोव्याचा निर्णय वेगळं राहण्याच्या बाजूने, १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी, लागला. पण पेडणे आणि डिचोली या तालुक्यांनी फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने शिक्का मारला होता. त्या दिवशी या भागाचं मत काय हे कुणाला विचारावं लागलं नाही. ज्या तालुक्यांनी एवढ्या स्पष्ट आवाजात मत देऊन दाखवलं, त्यांच्याच शहरांच्या पालिका निवडणुकीतून कसलाही स्पष्ट कौल वाचता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं. मतदार बदलला म्हणून असं झालेलं नाही. रचनाच तशी आहे.

रचना समजायला आधी आकार बघावा लागतो. २०११ च्या जनगणनेत पेडणे शहराची लोकसंख्या ५ हजारांच्या आसपास, डिचोलीची १७ हजारांच्या आसपास. पेडणे पालिकेत १० प्रभाग, डिचोलीत १४. म्हणजे पेडण्यात एका नगरसेवकामागे सरासरी ५०० माणसं, डिचोलीत साधारण १,२००, आणि त्यांत मुलंही आली. लेस्टरमध्ये हाच आकडा ६,८०० च्या आसपास जातो. पाचशे माणसांच्या प्रभागात मतदार म्हणजे दोन-तीन वाडे. उमेदवार प्रत्येक घरी जातो, प्रत्येकाला नावाने हाक मारतो, कुणाच्या घरी कोण आजारी आहे हे त्याला ठाऊक असतं. अनेकदा समोरचा उमेदवार त्याच्याच भावकीतला. हा आकार लोकशाहीला उत्तम आहे असं मी मनापासून मानतो. नगरसेवकाला गटाराचं झाकण दाखवायचं तर घरातून हाक मारली तरी पुरते, ही सोय लेस्टरच्या नागरिकाला नाही.

पण याच आकाराची दुसरी बाजू अशी की प्रभागाची सीमा एका रस्त्याने इकडची तिकडे सरकली तर निकाल फिरतो. डिचोलीत गावकरवाडा, बोर्डे, मुस्लिमवाडा, सोनारपेठ, आतीलपेठ, भायलीपेठ, लाखेरे, वाठादेव अशा वाड्या-पेठांची वस्ती आहे. प्रत्येकीचं आपलं देऊळ किंवा मशीद, आपली मंडळी, आपला म्होरक्या. वाडा अखंड ठेवायचा की दोन प्रभागांत वाटायचा, हा प्रश्न नकाशावर पेन्सिलीने सुटतो. आणि आरक्षण त्याहून निर्णायक. पाच वर्षं प्रभागात राबलेल्या माणसाचा प्रभाग ऐनवेळी राखीव झाला की त्याची उमेदवारी संपते, किंवा घरातल्या बाईच्या नावावर चालते. आरक्षण हवंच, स्त्रिया आणि मागासवर्गीय पालिकेत आले ते त्याच्यामुळेच. वाद आहे तो कुठला प्रभाग राखीव करायचा हे ठरवणाऱ्या हाताबद्दल.

हा वाद २०२१ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. गोमंतकीय वाचकाला ते प्रकरण माहीत असावं, कारण त्याचा निर्णय आता देशभर लागू आहे. त्या वर्षी पणजी महापालिका आणि ११ पालिकांची निवडणूक एकदम व्हायची होती. राज्य निवडणूक आयुक्ताचं पद स्वतंत्र, घटनात्मक. पण नोव्हेंबर २०२० पासून त्याचा अतिरिक्त ताबा सरकारच्या कायदा सचिवाकडे होता. ४ फेब्रुवारीला प्रभाग आरक्षणाचा आदेश निघाला. त्याला आव्हान दिलं गेलं आणि १ मार्चला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मुरगाव, मडगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांपुरता तो रद्द केला. स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याचं घटनेचं बंधन तिथे पाळलं गेलं नव्हतं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. १२ मार्च २०२१ रोजी न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने निकाल दिला : सरकारी सेवेतल्या अधिकाऱ्याकडे निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त ताबा देणं ही घटनेची थट्टा आहे, आणि यापुढे कुठल्याही राज्यात सरकारच्या नोकरीत असलेला माणूस या पदावर नेमता येणार नाही.

७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, तेव्हापासून निवडणूक आयोग स्वतंत्र असावा हे लिहिलेलं होतंच. ते पाळायला लावण्यासाठी जवळजवळ अठ्ठावीस वर्षं आणि गोव्यातल्या पाच लहान शहरांचं भांडण लागलं. पेडणे, डिचोली, वाळपई, कुडचडे-काकोडा, कुंकळ्ळी आणि काणकोण इथे मात्र ठरल्याप्रमाणे २० मार्चला मतदान झालं, २२ ला मोजणी झाली. पणजी महापालिकेचंही त्याच दिवशी झालं. बाकीच्या पाच पालिकांना २३ एप्रिलपर्यंत थांबावं लागलं.

२०२१ च्या त्या मार्च महिन्यात या दोन शहरांवर राज्याच्या सत्तेची सावली किती जवळ होती हेही पाहण्यासारखं आहे. पेडण्याचे आमदार मनोहर ऊर्फ बाबू आजगावकर तेव्हा उपमुख्यमंत्री होते. २०१७ मध्ये ते मगोपच्या तिकिटावर निवडून आले आणि मार्च २०१९ मध्ये भाजपमध्ये गेले. डिचोलीचे आमदार राजेश पाटणेकर विधानसभेचे सभापती होते. अशा वेळी पालिकेतला उमेदवार कुठल्या पक्षाचा हे विचारण्यापेक्षा आमदाराच्या बाजूचा की विरोधातला, हे विचारणं लोकांना सोपं जातं आणि तेच खरंही असतं. पुढच्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत आजगावकर पेडण्यातून उभे राहिले नाहीत, ते मडगावला गेले आणि दिगंबर कामतांकडून हरले. पेडण्याची जागा, राज्यातली अनुसूचित जातींसाठी राखीव असलेली एकमेव, भाजपचे प्रवीण आर्लेकर यांनी जिंकली. डिचोलीत अपक्ष डॉ. चंद्रकांत शेट्ये मगोपच्या नरेश सावळांवर अवघ्या ३१८ मतांनी विजयी झाले आणि निकालानंतर त्यांनी भाजपला पाठिंबा दिला. २०२१ मध्ये पालिकेत बसलेल्या नगरसेवकांना वर्षभरात नव्या आमदाराशी जुळवून घ्यावं लागलं. मतदारांनी मात्र पालिकेसाठी दुसऱ्यांदा मत दिलं नव्हतं.

नगरसेवक सत्तेकडे का सरकतो, याचं उत्तर केवळ स्वार्थ असं देणं मला पटत नाही. पालिकेकडे स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, दुकानांचे परवाने, बाजाराचा सोपो (बसण्याचं शुल्क), बांधकामाचं शुल्क. डिचोलीचा बुधवारचा बाजार आणि पेडण्याचा गुरुवारचा बाजार मोठे असले तरी त्यांच्या सोप्यावर नवं मार्केट संकुल उभं राहत नाही. पाणी आणि वीज राज्य सरकारच्या खात्यांकडे. मोठी कामं गोवा राज्य नागरी विकास यंत्रणेच्या, म्हणजे सरकारच्या पैशातून. मुख्याधिकारी पालिका प्रशासन संचालनालयाकडून येतो आणि तिथूनच बदलून जातो. अशा स्थितीत आपल्या प्रभागातला रस्ता करून घ्यायचा तर विरोधात बसून तो होत नाही, हे नगरसेवकाला पहिल्या सहा महिन्यांत कळतं. त्याला तत्त्वनिष्ठ राहा सांगणं सोपं. त्याच्या प्रभागातली बाई पाण्याचा टँकर मागायला आली की काय सांगायचं?

डिचोलीला तर आणखी एक घाव बसला. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा काही काळ चालू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयानंतर त्या वर्षीच्या मार्चमध्ये परत बंद पडल्या. ट्रक, गॅरेज, खानावळी, भाड्याच्या खोल्या यांवर उभी असलेली बाजारपेठ सुकली. डिचोली खनिज गटाचा लिलाव २०२२ अखेर होऊन तो वेदांताकडे गेला. पेडण्यात याच्या उलट घडलं : मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून चालू झाला आणि जमिनीचे भाव वाढले. एका शहरात काम गेलं, दुसऱ्याच्या दारात पैसा आला. दोन्हीकडे निर्णय पालिकेच्या बाहेर झाले, आणि त्यांचं ओझं, म्हणजे कचरा, वाहतूक, बेकायदा बांधकाम, पाणी, पालिकेवर पडलं.

आता नगराध्यक्ष. मतदार त्याला थेट निवडत नाही, नगरसेवक आपल्यातून निवडतात, आणि बहुमताच्या अविश्वास ठरावाने त्याला काढताही येतं. १० नगरसेवकांच्या पेडण्यात ६ जणांचं मन वळलं की नगराध्यक्ष बदलतो. डिचोलीत ८ पुरतात. अनेक पालिकांत निवडणुकीनंतर लगेच तोंडी समझोता होतो, की पहिलं अमुक वर्ष तुझं, मग माझं. मुदत संपली की पहिला राजीनामा देत नाही आणि अविश्वास येतो. साखळीत २०१८ ते २०२३ च्या मंडळात सत्ता एका गटाकडून दुसऱ्याकडे गेली, परत आली, भांडणं न्यायालयापर्यंत पोचली. प्रत्येक बदलामागे काही महिने कामं ठप्प होतात.

मडगावात सप्टेंबर २०२२ मध्ये जे झालं ते सर्वांना आठवत असेल. दिगंबर कामत यांच्यासह काँग्रेसचे आठ आमदार भाजपमध्ये गेले, आणि लगेच झालेल्या नगराध्यक्षाच्या निवडणुकीत गुप्त मतदानाने घनश्याम शिरोडकर यांनी भाजपच्या दामोदर शिरोडकरांना १५ विरुद्ध १० असं हरवलं. त्यानंतर सरकारने अध्यादेश काढला : यापुढे नगराध्यक्षाची निवड हात वर करून. घनश्याम शिरोडकरांवर अविश्वास आला आणि ऑक्टोबरमध्ये दामोदर शिरोडकर नगराध्यक्ष झाले. उघड मतदान तत्त्वतः चांगलं असं म्हणणारे आहेत. नगरसेवकाने आपलं मत लपवू नये, हे मलाही मान्य आहे. पण नियम हरल्यावर लगेच बदलला गेला. आणि हा नियम आता पेडणे-डिचोलीलाही लागू आहे, जिथल्या एकाही मतदाराला त्याबद्दल विचारलं गेलं नाही.

थेट नगराध्यक्ष हा उपाय महाराष्ट्राने करून पाहिला. २०१६ मध्ये आणला, २०२० मध्ये काढला, २०२२ मध्ये परत आणला. ज्याच्या सोयीचं सरकार, त्याच्या सोयीचा नियम. त्यामुळे फक्त तेवढ्याने प्रश्न सुटेल अशी माझी खात्री नाही. त्यापेक्षा दोन साध्या गोष्टी आधी हव्यात. प्रभागरचना आणि आरक्षण निवडणुकीच्या पुष्कळ आधी, कारणांसह, नकाशासह जाहीर व्हावं, म्हणजे हरकत घ्यायला आणि न्यायालयात जायला वेळ मिळेल. आणि पॅनल करून लढणाऱ्यांनी आपला गट, आपला नगराध्यक्षपदाचा उमेदवार आणि पदाची वाटणी असल्यास तीही उमेदवारी अर्जाबरोबर लेखी द्यावी. पक्षाचं चिन्ह नको असेल तर नको, पण गट लपवू नये.

कायदा बदलेपर्यंत मतदाराला एक गोष्ट आजही करता येते. डिचोली आणि पेडण्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे : प्रभागरचनेचा आणि आरक्षणाचा आदेश निघाला की त्याच आठवड्यात पालिकेत जाऊन तो वाचा, आपल्या वाड्याची सीमा नकाशावर तपासा, एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या की नाही ते मोजा, आणि चूक दिसली तर निवडणूक आयोगाकडे लेखी हरकत द्या. मग दारात मत मागायला येणाऱ्याला विचारा, नगराध्यक्ष निवडताना तुमचा हात कोणासाठी वर जाणार आहे.