आधी सेमाडोह, मग ऑस्ट्रेलिया!

फॉरेनची सायकल ट्रिप म्हटलं की आपण आधी विमानाच्या तिकिटांच्या ऑफर्स बघतो. आम्ही भरलेल्या बॅगा सायकलला लटकवून मेळघाटच्या घाटात गेलो आणि हजार किलोमीटरच्या प्लॅनची हवाच निघाली!

आमच्या एक्सेल शीटमध्ये सगळं कसं झकास बसलं होतं. रजा आणि दिवाळीची सुट्टी मिळून अठरा दिवस. त्यातले तीन विमानाला, पंधरा सायकलला. रोज ७० किलोमीटर मारले की हजार किलोमीटर खल्लास! तिघांची टीम: मी, बँकेत काम करणारी माझी कॉलेजची मैत्रीण आणि आमचा आयटीवाला मित्र. शीट अर्थातच त्याची.

जायचं होतं 'मुंडा बिद्दी'ला. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या मंडारिंगपासून दक्षिण किनाऱ्यावरच्या अल्बनीपर्यंत हजार किलोमीटरहून लांब अशी ही माउंटन बाइकची वाट २०१३ मध्ये पूर्ण झाली. तिथल्या मूळ नूंगार लोकांच्या भाषेत नावाचा अर्थच 'जंगलातली वाट'. मोटारगाड्यांची कटकट नाही. वाटेत मुक्कामाला फुकट शेड आणि पावसाच्या पाण्याच्या टाक्या. आणि आपली दिवाळी असते तेव्हा तिथे वसंत! उन्हाळ्यात तिथे अंग भाजून निघतं, वणव्यांचीही भीती असते. म्हणजे रजेचं गणित आणि सीझन दोन्ही जुळले. असा योग एरवी फक्त लग्नाच्या पत्रिकेत दिसतो.

डोक्यात खूळ भरायला दाखलेही होतेच. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये याच पर्थहून निघाली आणि १५९ दिवसांत एकटीने सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून आली. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, तरी! नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोकची ट्रान्स-सायबेरियन शर्यतही. अशा बातम्या वाचून आपल्यालाही जमेल असं वाटतं. त्यांनी त्याआधी किती वर्षं पाय घासले, ते मात्र आपण वाचत नाही.

तालमीची आयडिया माझ्या मामाची. मामा परतवाड्याला. "जंगलातच जायचं आहे नं? मंग आधी आपल्या जंगलात या."

पुण्याहून रात्रीची गाडी पकडून आम्ही बडनेऱ्याला उतरलो, सायकली लगेजमधून सोडवल्या आणि छोट्या हत्तीत घालून परतवाडा गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सेमाडोहकडे निघालो. घटांगवरून जाणारा हा धारणीचा रस्ता. ऑस्ट्रेलियाला न्यायचं तेवढं सगळं सामान लादलेलं: तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, तीन दिवसांचं खाणं. वजन काट्यावर केलं तर आयटीवाल्याचं २२ किलो! त्यात एक लॅपटॉप आणि कॉफीचं यंत्र निघालं.

सिंहगड रोडला रिकाम्या सायकलवर उडणारे आम्ही इथे पहिल्याच वळणांवर पार झोपलो. चढाला पुढचं चाक डुलायला लागतं, उताराला ब्रेक दाबून बोटं बधिर होतात. त्यात माझ्या मागच्या कॅरिअरचा एक बोल्ट गळून पडला आणि बॅग थेट चाकात. आमच्याकडे महागडा मल्टिटूल होता, सुटा बोल्ट एकही नव्हता. एका बाइकवाल्याने डिकीतून तार काढून बांधून दिली. वर विचारलं, "काउन जी, गाडी नाही भेटली का?"

सेमाडोहला पोचलो तेव्हा मीटरवर पन्नासच्या आसपास आकडा होता आणि अंगात त्राण नव्हता. चहाच्या हॉटेलवाल्याने बजावलं, "अंधारात निंगू नका बाप्पा, अस्वल राहते." हा व्याघ्र प्रकल्प आहे, तेव्हा सायकल फक्त सार्वजनिक रस्त्यावर आणि दिवसाउजेडीच, आतल्या जंगलात शिरायचं ते वन खात्याच्या सफारीतूनच. (इथे टायगर रिझर्व्ह, तिथे टायगर स्नेक. तो वसंतात उन्हं खायला वाटेवर येतो म्हणे!)

मोबाइलची रेंज गेली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. मुंडा बिद्दीवर बऱ्याच ठिकाणी हीच अवस्था असणार. पण सॅटेलाइटवर चालणारा मेसेंजर इथून विकत घेऊन न्यायच्या भानगडीत पडू नका. परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं भारतात गुन्हा आहे, आणि त्यापायी एअरपोर्टवर लोकांना अटक झालेली आहे. त्यामुळे धोक्याच्या वेळी सिग्नल पाठवणारं यंत्र आम्ही तिथे उतरल्यावर भाड्याने घेणार.

रात्री सिपनेच्या काठी वसलेल्या त्या गावात खरी भांडणं झाली. हिशेब सोपा होता. डांबरी रस्त्यावर दिवसाला पन्नास, म्हणजे हजाराला वीस दिवस. तिथे तर सुट्या खड्यांची वाट, चाक सरकवणारी. आयटीवाल्याने अख्ख्या ऑफिसला 'फुल थाउजंड' सांगून ठेवलं होतं. "जरा जोर लावला तर जमेल," तो म्हणाला. बँकवाली गप्प. तिचं घरी भांडून मिळवलेलं हे पहिलं परदेश. आणि माझा उजवा गुडघा घटांगपासून ठणकत होता, हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. टीममधली स्लो मेंबर ठरायची लाज वाटत होती. शेवटी सांगितलं. तो चिडला. मग म्हणाला, "माझाही दुखतोय, डावा."

दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याकडे चढताना आम्ही निम्मा वेळ सायकली ढकलत होतो. पण गप्पा मारत. लॅपटॉप सेमाडोहहून एसटीने जाणाऱ्या एका शिक्षकांच्या हाती मामाकडे पुढे गेला होता. (कॉफीचं यंत्र राहिलं. काही बाबतीत माणूस ऐकत नाही.) चिखलदरा हजार मीटरच्या वर आहे. तिथली कॉफी प्यायलो आणि फोनवरच शीट बदलली: मंडारिंग ते नॅनप, साधारण अर्धी वाट, रोज ४०, मध्ये दोन दिवस नुसता आराम.

मामाने बघून घेतलं. "ऑस्ट्रेलियाले चालले अन् घाटातच दम भरला? बरं झालं इथं भरला."

आता उरलीय कागदपत्रांची लढाई. व्हिसाला बँक स्टेटमेंट आणि ऑफिसचं रजेचं पत्र लागतंच, तेव्हा बॉसला शेवटच्या आठवड्यात गाठू नका. सायकल बॉक्समध्ये भरताना पेडल काढा, हँडल वळवा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. सुटे बोल्ट मूठभर! आणि सायकल लख्ख हवी, कारण परक्या मातीतून रोग आणि बिया येऊ नयेत म्हणून ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर टायरसुद्धा तपासतात.

म्हणून गेल्या रविवारी आम्ही तिघं माझ्या गच्चीवर जुने टूथब्रश घेऊन बसलो होतो. टायरच्या खाचांतून मेळघाटची माती निघता निघत नव्हती.