तपकिरी, तांबडं, हिरवं : खाऱ्या टाकीतल्या शेवाळाचा हिशेब

टाकी भरून तीनेक आठवडे झाले की फोन येतो. "अरे, वाळूवर चहा सांडल्यासारखं तपकिरी काहीतरी पसरलंय. दुकानदार म्हणतो औषध टाक. टाकू का?" माझं उत्तर ठरलेलं : नको. नव्या मरीन टँकमध्ये शेवाळ येणारच. ते कुठून जेवतं एवढंच शोधायचं.

लिटरला साधारण 35 ग्रॅम सागरी मिठाचं मिश्रण विरघळवलं की पिंपरीतल्या फ्लॅटमध्येही समुद्राचं पाणी तयार होतं. पण त्या पाण्यात अजून वस्ती नसते. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, पुढे दुसरे त्याचं नायट्रेट. ही मंडळी दगडांवर नीट बसायला चार ते सहा आठवडे जातात. हौशी लोक याला 'टँक सायकल होणं' म्हणतात. चिमूटभर खाणं टाकून हे चक्र सुरू करावं आणि अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावरच पहिला मासा सोडावा.

याच काळात रंग बदलू लागतात. पहिला तपकिरी. हे डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेले एकपेशीय जीव. नळाच्या पाण्यातून आणि नव्या वाळूतून आलेलं सिलिकेट संपलं की बहुधा तेही आपोआप ओसरतात.

दुसरी तांबडी-जांभळी, बुडबुडे धरलेली साय. दिसायला शेवाळ, प्रत्यक्षात सायनोबॅक्टेरिया. जीवाणूच असल्याने त्यावर अँटिबायोटिक चालतं, आणि दुकानदाराची बाटली बहुतेक वेळा तीच असते. पिंपरीकरांना अँटिबायोटिक नवं नाही. 1954 साली स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली 'एचए', हा सरकारी क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. इथेच सापडलेलं हॅमायसिन हे बुरशीनाशक ज्या जीवाणूपासून मिळालं, त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! पण डॉक्टर सर्दीला अँटिबायोटिक देत नाही, तोच विवेक इथेही हवा. औषधाने साय जाते, पण नुकत्याच बसलेल्या उपयोगी जीवाणूंनाही इजा होऊ शकते. मेलेली साय पाण्यात कुजते ती वेगळीच. त्यापेक्षा नळीने ती शोषून काढा आणि पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा. ही साय बऱ्याचदा संथ पाण्यात धरते.

तिसरं हिरवं, केसांसारखं. हे खरं शेवाळ, आणि चिवटही. त्याचं जेवण नायट्रेट, फॉस्फेट आणि उजेड. दिवा सात-आठ तासांवर आणा. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच खाणं टाका. गोठवलेलं खाणं वितळवून, त्याचं पाणी टाकून देऊन मगच घाला. वाढलेले पुंजके हाताने उपटा, उरलेल्या खुंटांवर टर्बो गोगलगायी सोडा. खाली संप, म्हणजे गाळणीची दुसरी टाकी, असेल तर त्यात कीटोमॉर्फा ही गुंतवळासारखी वनस्पती वाढवा. तिला रात्री उजेड द्या आणि दर पंधरवड्याला तिची कापणी करा. नको असलेल्या शेवाळाचा घास ती पळवते.

मात्र हा घास अगदी शून्यावर नेऊ नका. नायट्रेट-फॉस्फेट पूर्ण संपलं की डायनोफ्लॅजेलेट नावाची तपकिरी शेंबडी तार धरू शकते. ती काढताना हिरव्या केसांची आठवण येते. लिटरला 5 ते 10 मिलिग्रॅम नायट्रेट चालतं.

आता पाणी. आपल्याकडे पवना धरणाचं पाणी रावेतला उचलून निगडीत शुद्ध होतं. ते पिण्यासाठी उत्तम, पण टाकीला आरओनंतर डीआय रेझिनमधून गाळलेलं हवं, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्याजवळ. घरच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं, त्यामुळे तो पुरत नाही. 2019 च्या नोव्हेंबरपासून शहरात पाणी दिवसाआड येतं, तेव्हा पिंपभर साठा ठेवा आणि आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला वापरा. मे महिन्यात पंख्याने टाकी थंड ठेवताना पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घाला.

एक कायद्याची गोष्ट. 2001 पासून खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे शोभेला म्हणून कोणी समुद्रातलं प्रवाळ विकत असेल तर घेऊ नका. भट्टीत भाजलेले सच्छिद्र सिरॅमिक दगडही जीवाणूंना चांगलं घर देतात.

हा सगळा हिशेब मोठ्या आकारात पाहायचा तर उन्हाळ्यात पवनेच्या पुलावर उभं राहावं. पात्रभर जलपर्णी, आणि ती उपसणारी यंत्रं. उपसा झाला तरी ती पुन्हा पसरते, कारण तिचं जेवण सांडपाण्यातून येतच राहतं. काच रोज घासूनही हिरवी होते, त्याचं कारणही हेच.

तेव्हा या दिवाळीत टाकी लावणार असाल, तर माशांआधी नायट्रेट आणि फॉस्फेटची टेस्ट किट घ्या. पहिले तीन महिने आकडे वहीत लिहा आणि औषधाची बाटली दुकानातच राहू द्या.