मुखकर्करोग, साखर आणि हळद : पेशीतील विकरांचे कार्य

जळगाव व धुळे जिल्ह्यांत तंबाखू, गुटखा व मिसरी यांचे व्यसन खोलवर रुजलेले आहे. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी मुखकर्करोगाचे रुग्ण आपल्या चिकित्सालयांत येतच असतात. रुग्णाचे नातेवाईक बहुधा दोन प्रश्न विचारतात : साखर बंद करावी काय? आणि हळदीने गाठ विरेल काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे प्रथिनांत फेरबदल करणाऱ्या विकरांच्या, म्हणजेच एन्झाइम्सच्या, अभ्यासातून मिळतात.

ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवून दिले की, प्राणवायू उपलब्ध असतानाही कर्कपेशी ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन न करता मोठ्या प्रमाणावर लॅक्टिक आम्ल तयार करते. पूर्ण ज्वलनातून ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे सुमारे ३० रेणू मिळतात. या अर्धवट मार्गाने केवळ २. मग पेशी हा तोट्याचा व्यवहार का करते? कारण झपाट्याने विभाजन पावणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकीच नव्या पेशीच्या बांधणीसाठी सामग्रीही हवी असते.

हा बदल घडवण्यात विकरांचा मोठा वाटा असतो. प्रथिन तयार झाल्यानंतर त्यावर फॉस्फेट किंवा ॲसिटिल गट बसवला की त्याचे कार्य बदलते. ‘पायरुव्हेट कायनेज एम-२’ हे साखरेच्या विघटनातील अखेरच्या पायरीवरचे विकर आहे. त्याचे चार घटक एकत्र असताना ते वेगाने काम करते. त्याच्या १०५ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट बसल्यास ही चौकडी फुटते व वेग मंदावतो, असे २००९ मध्ये सिद्ध झाले. पाटाचे दार अर्धे खाली केले की वरच्या अंगाला पाणी तुंबते व बाजूच्या चाऱ्यांत शिरते. तद्वत साखरेपासून झालेली मधली द्रव्ये पेशीच्या बांधणीकडे वळतात. पायरुव्हेट डिहायड्रोजनेजवर फॉस्फेट बसले की पायरुव्हेटचा ज्वलनाकडे जाणारा मार्गही रोखला जातो.

दुसरा फेरबदल ॲसिटिल गटाचा. सायट्रेटपासून ‘एटीपी-सायट्रेट लायेज’ हे विकर ॲसिटिल-कोए तयार करते. त्यातून मेद घडतो, आणि त्यातलाच ॲसिटिल गट ‘पी-३००’ हे विकर हिस्टोन प्रथिनांवर बसवते. त्यामुळे जनुके अधिक कार्यरत होतात. म्हणजे चयापचय विकरांना सामग्री पुरवतो आणि विकरे चयापचयाला दिशा देतात.

येथे आपल्या परिचयाची दोन द्रव्ये येतात. हळदीतील कर्क्युमिन आणि वृक्षाम्लातील, म्हणजे कोकमातील, गार्सिनॉल ही पी-३०० ला अवरोध करतात, असे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच केंद्राच्या २०१० च्या संशोधनात मुखकर्करोगाच्या ऊतींत हिस्टोनवरील ॲसिटिल गटांचे प्रमाण वाढलेले आढळले. पी-३०० ला उत्तेजन देणाऱ्या प्रथिनांत साखरेच्या विघटनातीलच एक विकर निघाले. कर्क्युमिनपासून बनवलेल्या पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्याने उंदरांतील मुखार्बुदाची वाढ कमी झाली. कोकमातील हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल एटीपी-सायट्रेट लायेजला अवरोध करते, हे तर १९६९ पासून ज्ञात आहे.

मात्र येथेच थांबून विचार करावयास हवा. हे निष्कर्ष परीक्षानळीतील, पेशींवरील व उंदरांवरील आहेत. उंदरांना दिलेले द्रव्य हळद नसून प्रयोगशाळेत बदललेला रेणू होता. १९९८ च्या एका भारतीय अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिन पोटातून दिल्यावर रक्तात ते नगण्य आढळले. २० मिलिग्रॅम पिपेरीन जोडल्यावर शोषण वाढले. परंतु पिपेरीन इतर औषधांचेही रक्तातील प्रमाण बदलू शकते, आणि हळदीच्या तीव्र अर्कांनंतर तसेच गार्सिनियायुक्त उत्पादनांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. केमोथेरपी चालू असताना असे अर्क ऑन्कॉलॉजिस्टला कळवल्याविना देऊ नयेत. आमटीतील हळद व आमसूल यांचा प्रश्न वेगळा. तो आहार आहे.

साखरेच्या प्रश्नाचे उत्तरही आता स्पष्ट होते. बिघाड साखरेच्या डब्यात नसून पेशीतील नियंत्रणात आहे. आहारातील साखर बंद केली तरी यकृत रक्तातील ग्लुकोज राखतेच. मधुमेही रुग्णाने पथ्य पाळावेच. परंतु आधीच गिळता न येणाऱ्या रुग्णाला उपाशी ठेवल्यास बलक्षय होतो व उपचार सोसवत नाहीत. धात्वग्नीशी या विकरांची तुलना करण्याचा मोह होतो. ती चिंतनास उपयुक्त असली तरी चिकित्सेचा पुरावा ठरत नाही.

औषधालयाच्या चालकांनी ध्यानात ठेवावे की, १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे. तो बरा करण्याची जाहिरात करता येत नाही. आणि वैद्यांचे कर्तव्य त्याहून मोठे आहे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटे न मावण्याइतके आखडलेले तोंड यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला तपासणीसाठी व गरज भासल्यास बायोप्सीसाठी त्वरित पाठवावे. धुळे व जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. आरंभीच्या अवस्थेतील मुखकर्करोग शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. तो काळ चूर्णाच्या पुड्यांत निघून जाऊ न देणे आपल्या हातात आहे.