ओळख-पडताळणी व ओळख-चोरी

समोर नसलेली व्यक्ती स्वतःस जी म्हणविते तीच ती आहे, याची खातरजमा करण्याच्या क्रियेस ‘ओळख-पडताळणी’ म्हणतात. दुसऱ्याची ओळख पटविणारी माहिती किंवा खूण त्याच्या नकळत हस्तगत करून त्याच्या नावे व्यवहार करणे, यास ‘ओळख-चोरी’ अशी संज्ञा आहे. या दोन क्रिया परस्परांशी निगडित आहेत. कारण ज्या खुणेने ओळख पटते, तीच खूण चोरीस जाते. म्हणून ऑनलाइन सेवा घेताना ओळख देण्यातील लाभ व जोखीम यांचा तोल प्रत्येक व्यवहारात निरनिराळा ठरतो.

पार्श्वभूमी : दुसऱ्याच्या नावावर वावरण्याचा प्रकार जुना आहे. पानिपतच्या लढाईनंतर (१७६१) सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेल्या तोतयाने पेशवाईत मोठे बंड माजविले. १७७६ मध्ये पुण्यात त्यास देहान्त शासन झाले. त्या काळी ओळख पटविण्याची साधने म्हणजे चेहरा, बोलणे, पूर्वस्मृती व परिचितांची साक्ष एवढीच होती. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने करारपत्रावर हाताचा ठसा घेण्यास प्रारंभ केला आणि १८९७ मध्ये कलकत्ता येथे अंगुलिमुद्रा कार्यालय स्थापन झाले. पुढे जमिनीच्या दस्तांवर अंगठ्याचा ठसा घेण्याची पद्धत रूढ झाली.

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना २००९ मध्ये झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिले आधार क्रमांक देण्यात आले. बारा अंकी क्रमांकास बोटांचे ठसे, बुबुळांची प्रतिमा व छायाचित्र जोडलेले असल्याने परिचिताच्या साक्षीची जागा यंत्राच्या पडताळ्याने घेतली. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस सु. २० किमी. वर जालना रस्त्यालगत असलेल्या करमाडसारख्या गावाच्या उदाहरणाने या बदलाची व्याप्ती स्पष्ट होते. तेथील शेतकऱ्यास पीएम-किसान योजनेच्या हप्त्यासाठी ई-केवायसी करावी लागते. शेजारच्या शेंद्रा औद्योगिक क्षेत्रात कामास येणाऱ्या परगावच्या कामगारास सिमकार्ड, पगाराचे खाते व भाड्याची खोली यांसाठी ओळखपत्र दाखवावे लागते. ओळख दिलीच नाही तर सेवा मिळत नाही. त्यामुळे ‘काहीच देऊ नये’ हा सल्ला व्यवहारात निरुपयोगी ठरतो.

चोरीचे मार्ग : (१) छापील प्रत : झेरॉक्सच्या दुकानात, लॉजवर किंवा दलालाकडे राहिलेली ओळखपत्राची प्रत दुसऱ्या अर्जास जोडता येते. जी संस्था केवळ प्रत पाहून समाधान मानते, तिच्याकडे तोतयेगिरी सर्वांत सुलभ असते. (२) क्रमांकाचा वापर : जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पनवेल येथील एका महिलेस आपल्या आधार क्रमांकावर आधीच दुसऱ्याने अर्ज भरला असल्याचे आढळले. तपासात सातारा जिल्ह्यातील एका इसमाने निरनिराळ्या महिलांचे क्रमांक वापरून सु. तीस अर्ज भरल्याचे पोलिसांना आढळून आले. दरमहा १,५०० रु. च्या लाभासाठी झालेल्या या प्रकारात खऱ्या अर्जदार महिलेवरच आपली ओळख सिद्ध करण्याचा भार पडला. (३) ठशाची नक्कल : २०१८ मध्ये तेलंगणात नोंदणीकृत जमीन-दस्तांवरील अंगठ्यांच्या ठशांवरून रबरी ठसे बनवून सिमकार्डे चालू केल्याचा प्रकार उघडकीस आला. आधारावर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या पद्धतीत ठसा, आधार क्रमांक व बँकेचे नाव एवढेच पुरते. ओटीपी लागत नाही. त्यामुळे ज्याने जमीन विकली वा घेतली, त्याचा ठसा कागदावर उपलब्ध असणे ही स्वतंत्र जोखीम ठरते. (४) फसवून घेतलेला संकेतांक : ओटीपी हा एकदाच चालणारा संकेतांक असून बँकेचा वा सरकारी कार्यालयाचा माणूस असल्याची बतावणी करून तो विचारून घेतला जातो.

जोखमीचे मोजमाप : ओळख देण्यापूर्वी चार बाबींचा विचार उपयुक्त ठरतो. पहिली, खूण बदलता येते काय? परवलीचा शब्द क्षणात बदलतो, बँकेचे कार्ड रद्द होते. पण बोटाचा ठसा वा जन्मतारीख बदलता येत नाही. जी खूण बदलता येत नाही ती एकदा उघड झाली की जोखीम आयुष्यभर राहते. दुसरी, मागितलेली माहिती कामास आवश्यक आहे काय? वय अठरा पूर्ण आहे की नाही एवढेच पाहावयाचे असेल, तर पत्ता व संपूर्ण क्रमांक देण्याचे कारण नाही. तिसरी, मागणाऱ्याजवळ माहितीची प्रत उरते, की त्यास केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मिळते? दुसऱ्या प्रकारात चोरण्याजोगे फारसे मागे राहत नाही. चौथी, नुकसान झाल्यास ते कोणाच्या माथी बसेल व किती लवकर लक्षात येईल? बँकेतून पैसे गेल्याचा संदेश त्वरित येतो. दुसऱ्याने आपल्या नावे घेतलेले कर्ज मात्र वसुलीची नोटीस येईपर्यंत दडून राहू शकते.

प्रतिबंधक उपाय : प्राधिकरणाने २०१८ मध्ये सोळा अंकी आभासी क्रमांकाची सोय केली. तो धारकास हवा तेव्हा बदलता येत असल्याने मूळ क्रमांक उघड होत नाही. झाकलेल्या आधारपत्रावर फक्त शेवटचे चार अंक दिसतात. पत्रावरील क्यूआर चौकटीतील मजकूर प्राधिकरणाच्या अंकीय स्वाक्षरीने प्रमाणित असल्यामुळे छापील प्रतीपेक्षा तिचा पडताळा विश्वसनीय असतो. ठसे व बुबुळे यांच्या वापरास कुलूप घालता येते व गरजेपुरते ते उघडता येते. प्रत देणे अटळ असल्यास तीवर प्रयोजन, दिनांक व घेणाऱ्याचे नाव लिहिणे हा साधा उपाय आहे. त्याने चोरी थांबतेच असे नाही, परंतु प्रतीचा पुनर्वापर अवघड होतो. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येते. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळणाऱ्या अहवालात अनोळखी कर्ज आढळू शकते.

कायदा : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यातील कलम ६६-सी अन्वये दुसऱ्याचा परवलीचा शब्द किंवा ओळखीची अन्य विशिष्ट खूण अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रु. पर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने आधार योजना वैध ठरविली. तथापि खासगी संस्थांना आधार-पडताळणीची मुभा देणारी तरतूद रद्द केली. २०१९ च्या दुरुस्तीने धारकाच्या स्वेच्छेवर आधारित वापरास मर्यादित वाव दिला. अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याने सांगितलेल्या प्रयोजनापुरतीच माहिती वापरण्याचे बंधन घातले आहे.

फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविणे महत्त्वाचे असते, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्यापूर्वीच ती गोठविता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले, की त्रयस्थाच्या कृत्यामुळे रक्कम गेली असून बँक व ग्राहक या दोघांचीही चूक नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले असेल, तर त्यास तोशीस लागू नये. स्वतः ओटीपी सांगितल्यास मात्र बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्यासच सोसावे लागते. व्यक्तीच्या सावधगिरीस मर्यादा आहेत. शिधा, पीकविमा वा पगार यांसाठी अंगठा टेकविणाऱ्यास नकार देण्याची मोकळीक क्वचितच असते. म्हणून कमीत कमी माहिती मागणे व काम संपताच ती नष्ट करणे, ही जबाबदारी प्रथमतः पडताळणी करणाऱ्या संस्थेची ठरते.