आंग्र्यांचे आरमार उभे करताना



चंदगडला समुद्र नाही. तिलारीचे पाणी तेवढे घाट उतरून गोव्यात जाते, तेथे शापोरा हे नाव घेते आणि दर्याला मिळते. अशा या डोंगरी मुलखातील काही तरुणांनी कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा जिवंत देखावा उभा करावयाचे मनावर घेतले आहे. कान्होजींचे निधन 4 जुलै 1729 रोजी झाले. 2029 मध्ये त्यास 300 वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी मैदानावर गलबते उभारून लढाई दाखवावी, असा त्यांचा बेत आहे.

मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण काजू कारखान्यांच्या फाटकांवर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तरी मुलांनी मला सल्ल्याला बोलावले. पहिल्याच बैठकीत सरखेल कोणी व्हावयाचे यावर वाद जुंपला. नऊ जण इच्छुक होते. खलाशी व्हावयास मात्र एकही तयार नव्हता. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या, काजू फोडणाऱ्या एका मावशींनी मला हळूच विचारले, “दादा, एवढ्या मोठ्या बोटीचं शीड शिवायचं कुणी?” आज मी जे सांगणार आहे, ते त्या मावशींच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

प्रथम हे आरमार चालत कसे होते ते पाहू. त्यात मुख्यतः दोन जातींची जहाजे होती. गुराब हे मोठे. ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने त्याचे वजन 150 ते 300 टन सांगितले आहे. त्याला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत आणि पुढे निमुळत्या होत गेलेल्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत लहान, फार तर 70 टनांचे. पण त्याला 40 ते 50 वल्ही असत. वारा पडला की युरोपी जहाज जागच्या जागी खिळून राही. अशा वेळी गलबतांनी गुराबांना दोर लावून ओढावयाचे, शत्रूच्या पिछाडीस आणावयाचे, गुराबांनी त्याच्या डोलकाठ्या मोडावयाच्या आणि मग गलबतांवरील शिपायांनी तलवारी घेऊन वर चढावयाचे, अशी ती रीत होती.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. वारा नसताना जहाज हलवीत होता तो वल्हेकऱ्याचा दंड. 1721 च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. त्या यशात सरखेलांची बुद्धी होती, तशीच या दंडांची मेहनतही होती. देखाव्यात एकच सरखेल असला तरी भागेल. वल्हेकरी चाळीस हवेत, आणि त्यांची तालीमही सर्वांत आधी सुरू व्हावयास हवी. एका तालावर वल्ही मारणे हे दोन दिवसांत येत नाही. हातांना फोड येतात, म्हणून पाळ्या लावाव्या लागतात. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरले तर पन्नास माणसांना 200 लिटर लागते. त्याची तजवीज आधी करावी, मग तलवारींचा विचार करावा.

दुसरी गोष्ट पंचांगाची. चार जुलै म्हणजे ऐन पावसाळा. त्या दिवसांत कोकणच्या दर्यात शिडाची जहाजे लढत नसत; ती खाड्यांत आणि गोद्यांत विसाव्याला असत. नारळी पौर्णिमेला नारळ वाहावा आणि मग दर्यावर जावे, ही रीत आजही आहे. म्हणून पुण्यतिथीला लढाई दाखवू नका, असे मी मुलांना सांगितले. त्या दिवशी पावसाळ्यातील गोदी दाखवा. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत खडक फोडून केलेल्या गोदीचे अवशेष अजून दिसतात, ते आधी जाऊन पाहा. सुतार कुजलेली फळी काढून सागाची नवी बसवीत आहे, कोणी फटींत कापूस ठोकून त्यावर राळ आणि तेल चढवीत आहे, कोणी काथ्याचा दोर वळीत आहे, कोणी सुती शीड सांधीत आहे, असा तो देखावा असावा. लढाई हवीच असेल तर ती पौर्णिमेनंतर करा.

तिसरी गोष्ट सामानाची. नायलॉनचा दोर आणि ताडपत्रीचे शीड चालणार नाही. नाटक कंपनीकडून इंग्रज खलाशांचे निळे गणवेश भाड्याने आणण्याचा विचार होता, तोही सोडावा लागला. इंग्रजी नौदलात अधिकाऱ्यांनाच गणवेश मिळाला तो 1748 मध्ये, आणि साध्या खलाशाला 1857 मध्ये. आपल्या खलाशालाही गणवेश नव्हता. शिदोरीत चहा आणि बटाटा नको. भात, नाचणी आणि सुकी मासळी पुरे. तोफांना दारू भरू नये, आवाज ढोलावर काढावा. मात्र प्रत्येक बारानंतर नळी ओल्या बोळ्याने पुसण्याचे काम न चुकता दाखवावे. आत ठिणगी राहिली तर पुढची दारू भरणाराच मरे.

कोणी म्हणेल, आंग्र्यांचे जहाज तर एकही उरलेले नाही. खरे आहे. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या वेळी पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, हे आपल्याला विसरून चालणार नाही. परंतु जहाज उरले नाही म्हणून ज्ञानही गेले, असे नाही. अजिंठ्याच्या एका चित्रावरून पाचव्या शतकातील शिवलेल्या फळ्यांचे जहाज गोव्यात बांधले गेले आणि ‘कौंडिण्य’ या नावाने मे 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. चित्रावरून आकार समजला, अभियंत्यांनी गणित केले; पण फळ्या दोराने शिवल्या त्या केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या हाताखालच्या कारागिरांनी. हे कसब पुस्तकात नव्हते, त्यांच्या बोटांत होते.

आपल्याकडेही अशी बोटे आहेत. सुतार आहेत, दोर वळणारी म्हातारी माणसे आहेत, शिवणकाम जाणणाऱ्या बाया आहेत. त्यांना प्रेक्षकांत बसवून मुलांनी पुठ्ठ्याचे जहाज मिरवले, तर तो देखावा जिवंत होणार नाही. कारखान्यातही मी हेच पाहत आलो. उद्घाटनाच्या पाटीवर पुष्कळ नावे असतात. भट्टीपुढे उभे राहणाऱ्याचे नसते. तीच चूक आपण आपल्या हाताने इतिहासातही करावी काय?

दुसऱ्या बैठकीत आम्ही एक वही केली. पहिल्या पानावर शीड शिवणाऱ्यांची नावे आहेत. त्या मावशींचे नाव सर्वांत वर आहे. त्यानंतर सुतार, दोरवाले, वल्हेकरी आणि पाणी पुरविणारे. सरखेलाचे पान शेवटी आहे आणि ते अजून कोरे आहे. जो मुलगा आधी चार महिने वल्हे मारील, त्यालाच ते मिळावे असे ठरले आहे. वल्हेकऱ्यांच्या पानावर आजपर्यंत सतरा नावे आली आहेत. तेवीस हवी आहेत. आपल्या घरातील कोणी तरुण असेल तर त्याला पाठवा.